तीन कमिशनर, एक भाडेपट्टा आणि तेलाच्या मालगाड्या: व्हँकुव्हर बंदराचं प्रकरण

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. हे कॅनडातलं व्हँकुव्हर नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठावर याच नावाचं गाव आहे, नदी ओलांडली की समोर ओरेगनचं पोर्टलंड. पोर्टलंड-हिल्सबरो भागात इंटेलमुळे मराठी मंडळी बरीच आहेत, त्यांना हे गाव पुलापलीकडचं म्हणून माहीत असतं. समुद्र इथून नदीच्या वाटेने शंभरेक मैल लांब, तरी मोठी जहाजं वर येतात, गहू भरून जातात, सुबारूच्या गाड्या उतरतात, पवनचक्क्यांची लांबलचक पाती उतरतात. आणि हे सगळं चालवणारी संस्था ना केंद्र सरकारची ना कुठल्या कंपनीची, ती स्थानिक मतदारांनी निवडून दिलेल्या फक्त तीन माणसांच्या हातात असते.

ही तीन माणसं म्हणजे पोर्ट कमिशनर.

आपल्याकडच्या वाचकाला हे जरा विचित्र वाटेल, कारण बंदर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दिल्लीतून आलेला चेअरमन येतो. मुंबई पोर्ट ट्रस्ट १८७३ चा, त्यात पूर्वी व्यापाऱ्यांच्या चेंबरमधून निवडून आलेले ट्रस्टी असायचे, पण माझगावात किंवा शिवडीत राहणाऱ्या साध्या माणसाने ट्रस्टी निवडायला मत दिलंय असं काही नव्हतं, आणि २०२१ च्या कायद्यानंतरच्या बोर्डात तर अध्यक्ष, राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण, कस्टम यांचे प्रतिनिधी, काही स्वतंत्र सदस्य आणि कामगारांचे दोन, असा सगळा नेमणुकीचाच कारभार. वॉशिंग्टन राज्यात १९११ साली वेगळाच कायदा झाला. तेव्हा तिथले धक्के आणि किनारे बहुतेक रेल्वे कंपन्यांच्या मुठीत होते, शेतकऱ्याला माल चढवायचा तर ते सांगतील तो दर. म्हणून लोकांनी मत देऊन स्वतःचा पोर्ट डिस्ट्रिक्ट बनवायचा, स्वतःच कमिशनर निवडायचे, स्वतःवर थोडा मालमत्ता कर बसवून घ्यायचा आणि धक्का आपला करायचा, अशी सोय झाली. सिएटलने त्याच वर्षी केलं, व्हँकुव्हरने १९१२ मध्ये. आज त्या एका राज्यात असे ७५ पोर्ट डिस्ट्रिक्ट आहेत, काहींकडे धड जहाजसुद्धा येत नाही, नुसता विमानतळ नाहीतर इंडस्ट्रियल इस्टेट सांभाळतात.

घरपट्टीच्या बिलात शाळा, रस्ते, फायर ब्रिगेड यांच्या रांगेत एक ओळ पोर्टची असते. बहुतेक लोक ती ओळ वाचतही नाहीत. कमिशनरची निवडणूकही तशीच, बॅलट पेपर पोस्टाने घरी येतो, वरची मोठी नावं भरून झाली की खाली पोर्ट कमिशनर म्हणून दोन अनोळखी नावं दिसतात, माणूस एकावर टिक करतो किंवा करतही नाही. मानधन म्हणाल तर महिन्याला काही शे डॉलर आणि मीटिंगमागे भत्ता. पक्षाचं चिन्ह नाही. टर्म मात्र सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी तिघांपैकी एकच जागा निवडणुकीला येते. हे सहा वर्षं आणि एकावेळी एक जागा लक्षात ठेवा, पुढची सगळी गंमत त्यातच आहे.

जुलै २०१३

तर झालं असं. नॉर्थ डकोटामध्ये बाकन नावाच्या भूस्तरातून भसाभसा तेल निघायला लागलं होतं आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्यांपर्यंत ते न्यायला पाइपलाइन नव्हती. मग रेल्वेने न्यायचं ठरलं. टेसोरो ही रिफायनरीवाली कंपनी आणि सॅव्हेज ही माल हाताळणारी, दोघांनी मिळून व्हँकुव्हर बंदरात टर्मिनल बांधायचा प्रस्ताव आणला. दिवसाला ३,६०,००० बॅरल क्रूड. म्हणजे रोज सरासरी चार अख्ख्या मालगाड्या, प्रत्येकीला शंभराहून जास्त टँकर वाघिणी, कोलंबिया नदीच्या घळीतून येणार, इथे रिकाम्या होणार आणि तेल जहाजात भरून जाणार. देशातलं सगळ्यात मोठं रेल्वेने तेल आणणारं टर्मिनल झालं असतं ते.

बंदराच्या बाजूनेही विचार करून बघा. त्यांनी जुनी ॲल्युमिनियम भट्टीची जागा विकत घेऊन ठेवलेली, बंदरात रेल्वेचे नवे ट्रॅक टाकायचं मोठं खर्चिक काम चाललेलं, आणि समोर पहिल्या दहा वर्षांत निदान ४.५ कोटी डॉलर भाडं देणारा भाडेकरू उभा. तुम्ही-आम्ही त्या खुर्चीत असतो तर आपणही नीट कान देऊन ऐकलं असतं. ते तिघे कोणी खलनायक होते असं मला वाटत नाही, त्यांचं काम त्यांना जागा भाड्याने देणं आणि रोजगार आणणं असंच शिकवलेलं होतं.

६ जुलै २०१३ ला कॅनडातल्या लॅक-मेगँटिक गावात बाकनचंच तेल भरलेली गाडी उतारावरून सुटली, गावाच्या मध्यात घसरली आणि पेटली. ४७ माणसं गेली. आणि त्यानंतर अडीच आठवड्यांत, २३ जुलैला, व्हँकुव्हरच्या तिन्ही कमिशनरांनी, जेरी ऑलिव्हर, ब्रायन वुल्फ आणि नॅन्सी बेकर यांनी, लीजला ३-० मंजुरी दिली.

इथून लोकांचा पारा चढला तो आजतागायत पूर्ण उतरला नसेल. पण राग नुसता तेलाचा नव्हता, तर ज्या पद्धतीने ठरलं त्याचा होता. मतदानाच्या आधी बऱ्याच चर्चा बंद दाराआड झाल्या होत्या, त्याला तिकडे एक्झिक्युटिव्ह सेशन म्हणतात. टीका इतकी झाली की ऑक्टोबरमध्ये कमिशनने पुन्हा उघड मीटिंग लावली, लोकांचं ऐकून घेतलं आणि पुन्हा मत टाकलं. परत ३-०. म्हणजे लग्न आधीच लागलेलं, मग मुलगी दाखवायचा कार्यक्रम.

आणि आता एक गोष्ट जी विरोधकांच्या बाजूचे लोक सांगताना जरा गाळतात. या दुसऱ्या मतदानानंतर दोनच आठवड्यांत, नोव्हेंबर २०१३ मध्ये, ऑलिव्हर यांची जागा निवडणुकीला होती आणि ते निवडून आले. म्हणजे संपूर्ण गाव पहिल्या दिवसापासून पेटून उठलेलं वगैरे नव्हतं. बहुतेकांना अजून नीट कळलंच नव्हतं काय मंजूर झालंय ते.

दोन माणसं भेटली की मीटिंग

हा बंद दाराचा भाग जरा जवळून बघू, कारण मला तो या प्रकरणातला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो आणि नेमका तोच बातम्यांत कमी आला.

वॉशिंग्टनमध्ये १९७१ पासून ओपन पब्लिक मीटिंग्ज ॲक्ट आहे. लोकनियुक्त मंडळाचं बहुमत एकत्र बसून कामाचं बोललं की ती मीटिंग, आणि मीटिंग उघड पाहिजे. आता मंडळ तिघांचं असलं की बहुमत किती? दोन. म्हणजे दोन कमिशनर कॉफीच्या टपरीवर भेटले आणि एकाने सहज विचारलं की त्या तेलाच्या लीजचं काय वाटतं तुला, की झाली बेकायदा मीटिंग. आपल्या सोसायटीच्या कमिटीला हा नियम लावला तर जिन्यातली निम्मी कामं बंद पडतील. पाच जणांच्या कमिशनमध्ये दोघं बोलू तरी शकतात, तिघांच्या कमिशनमध्ये प्रत्येक माणूस कायद्याने एकटाच असतो. मग साहजिकच सगळी माहिती पोर्टच्या स्टाफकडून, सीईओकडून येते, आणि ज्याच्याकडे माहिती त्याच्याकडे सूत्रं, हे वेगळं सांगायला नको.

तर मग आपसात मोकळेपणी बोलायचं कुठे? कायद्यात काही फटी ठेवलेल्या आहेत. त्यातली एक अशी की जागा विकायची किंवा भाड्याने द्यायची असेल आणि कमीत कमी किती किमतीला द्यायची हे लोकांना कळल्याने भाव पडण्याची शक्यता असेल, तर तेवढं बंद खोलीत बोलता येतं. बरोबरच आहे, समोरच्याला आपला शेवटचा आकडा कोण सांगतं. पण पोर्टचं म्हणणं असं पडलं की किमान भाडं ठरवायचं तर सगळंच बघावं लागतं ना, धोका किती, रेल्वेचं काय, भाडेकरूची ऐपत काय, पर्यावरणाचं काय, म्हणजे हे सगळंच किमतीच्या चर्चेत येतं. या हिशोबाने आभाळाखालचा कुठलाही विषय बंद खोलीत नेता आला असता.

कोलंबिया रिव्हरकीपर ही नदी वाचवण्यासाठी काम करणारी संस्था आणि इतर संस्था कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टाने पोर्टच्या बाजूने दिलं, पण जून २०१७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने वाचून सांगितलं की कायद्यात शब्द किमान किंमत असा आहे, तर बंद खोलीत किमान किंमतच बोला. एखाद्या गोष्टीमुळे तो आकडा थेट वर-खाली होत असेल तर किती होतो ते बोला, पण ती गोष्ट मुळात चांगली की वाईट, धोक्याची की बिनधोक, ती चर्चा लोकांसमोर झाली पाहिजे. निकाल यायला चार वर्षं गेली आणि त्याने लीज आपोआप रद्द वगैरे झालं नाही. पण त्या राज्यातल्या प्रत्येक पोर्टच्या, प्रत्येक नगरपालिकेच्या वकिलाला त्यानंतर अजेंडा वेगळ्या तऱ्हेने लिहावा लागला असणार. (त्याच साली दुसऱ्या एका निकालात, पर्यावरण आढाव्याच्या आधी लीज करता येतं का या मुद्द्यावर, कोर्ट पोर्टच्या बाजूने गेलं होतं, हेही सांगायला हवं.)

मत कोणाला, धूर कोणाला

जून २०१४ मध्ये व्हँकुव्हरच्या सिटी कौन्सिलने ५-२ ने टर्मिनलच्या विरोधात ठराव केला. वाचताना वाटतं, चला संपलं. कुठलं काय, लीज सिटीचं नाहीच. शहर वेगळं, पोर्ट वेगळं, दोन्ही त्याच लोकांनी निवडून दिलेलं, आणि एक म्हणतंय नको, दुसरं म्हणतंय सही झालीये. नगरसेवकाला झापायला गेलेल्या माणसाला तिथे कळायचं की आपल्याला अजून एक सरकार आहे आणि ते आपणच निवडलंय.

बंदराला लागून फ्रूट व्हॅली नावाची कामगार वस्ती आहे. टर्मिनलच्या जागेजवळ काउंटीच्या जेलचं वर्क सेंटर, म्हणजे आग लागली तर पळूही न शकणारी माणसं. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ज्यांना मतच नाही असे लोक: गाड्या ज्या स्पोकेन शहरातून येणार तिथले, नदीच्या घळीतल्या छोट्या गावांतले, समोरच्या पोर्टलंडमधले. ३ जून २०१६ ला ओरेगनमधल्या मोझियर या इवल्याशा गावात तेलाची गाडी घसरलीच, १६ वाघिणी रुळावरून उतरल्या, काही पेटल्या, सुमारे ४२,००० गॅलन तेल सांडलं. ती गाडी व्हँकुव्हरला जात नव्हती, कारण टर्मिनल अजून बांधलंच नव्हतं, रेल्वे कंपनीही वेगळी होती. पण त्यानंतर कोणाला कल्पनाशक्ती ताणायची गरज उरली नाही. मोझियरच्या माणसाने मात्र व्हँकुव्हरच्या कमिशनरला मत द्यायचं म्हटलं तर तो राज्याच्याच बाहेर.

स्थानिक लोकशाहीचं कौतुक करताना ही बाजू मला कायम टोचते. धक्का एका गावाचा आणि धूर चार गावांचा. वाढवणचं घ्या, तिथे उलटी तऱ्हा आहे. केंद्राने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटींचं बंदर मंजूर केलं, ७४ टक्के जेएनपीए (न्हावाशेवाचं बंदर चालवणारी केंद्राची संस्था) आणि २६ टक्के महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड, आणि डहाणूच्या मच्छीमाराला थेट मत देऊन खाली खेचता येईल असा माणूस त्या दोन्ही ठिकाणी कोणी नाही. त्याच्याकडे मोर्चा आहे, कोर्ट आहे, ग्रामसभेचा ठराव आहे. व्हँकुव्हरवाल्याकडे हे सगळं होतंच आणि वर बॅलटवरची ती खालची ओळ होती.

कामगारांचंही सरळ नव्हतं बरं का. बांधकाम युनियन टर्मिनलच्या बाजूने, कारण बांधकामाची कामं मिळणार. पण ज्यांचं रोजचं पोट बंदरावर त्या गोदी कामगारांची युनियन, लोकल ४, विरोधात. त्यांचं म्हणणं साधं होतं, स्फोट झाला तर आम्ही तिथे असणार आहोत, आणि एका तेलापायी बाकीचा माल दुसऱ्या बंदराला गेला तर आमची कामं जातील.

२०१५, २०१७

आता त्या सहा वर्षांकडे या. २०१३ चा निर्णय बदलायचा तर तिघांपैकी दोन जागा फिरवायला हव्यात. २०१५ ला एक, २०१७ ला दुसरी. त्याआधी काही म्हणजे काही करता येणार नव्हतं.

२०१५ मध्ये नॅन्सी बेकर उभ्या राहिल्या नाहीत. त्या जागेवर एरिक लाब्रँट निवडून आले, फ्रूट व्हॅलीच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष, टर्मिनलला उघड विरोध. झालं २-१. एप्रिल २०१६ मध्ये परवानग्या वेळेत येत नाहीत म्हणून लीजची मुदत वाढवायचा विषय आला तेव्हा ती २-१ ने वाढली, लाब्रँट विरोधात एकटे. अल्पमतातल्या एका माणसाने काय होतं असं म्हणतात, पण इतकं नक्की झालं की ३-० चं ते गुळगुळीत एकमत संपलं, आणि प्रत्येक प्रश्न माइकसमोर विचारला जायला लागला.

२०१७ मध्ये वुल्फ यांची जागा. एका बाजूला डॉन ऑरेंज, गावात गॅरेज चालवणारे, गाड्या दुरुस्त करणारे. दुसऱ्या बाजूला क्रिस ग्रीन, विमा एजंट. एरवी ही निवडणूक म्हणजे थोडे बोर्ड आणि दारोदार फिरणं. या खेपेला दोघांचा मिळून खर्च सुमारे १० लाख डॉलर झाला. ग्रीन यांच्यामागे सगळ्यात मोठा देणगीदार खुद्द टर्मिनलची कंपनी, म्हणजे टेसोरो आणि सॅव्हेज यांनी मिळून काढलेली व्हँकुव्हर एनर्जी. ऑरेंज यांच्यामागे पर्यावरणवाल्या संघटना, त्यातही वॉशिंग्टन कन्झर्व्हेशन व्होटर्स. महिन्याला काही शे डॉलर मिळणाऱ्या खुर्चीसाठी १० लाख डॉलर! बाहेरचा पैसा दोन्हीकडून आला हे मान्यच करायला हवं, नुसतं एका बाजूला बोट दाखवून चालणार नाही.

७ नोव्हेंबर २०१७. ऑरेंज साधारण ६५ टक्के मतं घेऊन निवडून आले. इतकी एकतर्फी, की पैशाने मत फिरतं म्हणणाऱ्यांनाही जरा थांबून विचार करायला लागावा.

आता कोणी म्हणेल, परवानगी तर गव्हर्नरच्या हातात होती, मग या निवडणुकीने काय फरक पडला? प्रश्न बरोबर आहे. एवढ्या मोठ्या ऊर्जा प्रकल्पाचा निर्णय त्या राज्यात एक वेगळी समिती तपासते, एफसेक म्हणतात तिला, आणि शेवटचा शब्द गव्हर्नरचा. या समितीसमोर २०१६ च्या उन्हाळ्यात पाच आठवडे साक्षी-पुरावे झाले, लोकांकडून अडीच लाखांवर प्रतिक्रिया आल्या, आणि २८ नोव्हेंबर २०१७ ला समितीने एकमताने नकाराची शिफारस केली. भूकंपात जमीन भुसभुशीत होण्याची भीती, नदीत तेल सांडणं, आगीशी लढायची अपुरी ताकद, शेजारची वस्ती, अशी कारणं. म्हणजे निवडणूक नसती तरी नकार आलाच असता असं म्हणता येतं.

माझं मत वेगळं आहे. कमिशनरांच्या हातात टर्मिनल नव्हतंच कधी, त्यांच्या हातात होती ती जमीन आणि लीजमधली तारीख. गव्हर्नरच्या नकाराविरुद्ध कंपनीला कोर्टात जाता आलं असतं, वर्षानुवर्षं केस चालवता आली असती, पण त्यासाठी पायाखाली जमीन भाड्याने चालू राहायला हवी. प्रत्येक मुदतवाढीला कमिशनची सही लागायची. कंपनीला हे कळत होतं, नाहीतर एका विमा एजंटच्या प्रचारावर तिने एवढा पैसा कशाला ओतला असता.

जानेवारी २०१८ मध्ये ऑरेंज खुर्चीत बसले आणि लगेचच्या मीटिंगमध्ये विषय आला, ३१ मार्चपर्यंत सगळ्या परवानग्या नाही आल्या तर लीज संपवायचं का. तिघांनीही हो म्हटलं. ऑलिव्हर यांनीसुद्धा, ज्यांनी २०१३ मध्ये दोन्ही वेळा बाजूने मत दिलं होतं. २९ जानेवारीला गव्हर्नर जे इन्स्ली यांनी प्रकल्प नाकारला. फेब्रुवारीच्या शेवटी कंपनीने कोर्टात न जाता गाशा गुंडाळला.

२०१९ मध्ये ऑलिव्हर यांच्या जागेवर जॅक बर्कमन निवडून आले, पूर्वी सिटी कौन्सिलवर असलेले. जुलै २०१३ च्या त्या मीटिंगमध्ये हो म्हणणाऱ्या तिघांपैकी शेवटची खुर्ची रिकामी व्हायला साडेसहा वर्षं लागली.